डब्यातले नऊ अक्रोड

माझ्या हाताखालून गेलेला फ्रीज थंड झाला नाही, असं सव्वीस वर्षांत चारच वेळा झालंय. त्यातल्या दोन फ्रीजची वाट मालकांनी आधीच स्क्रूड्रायव्हर घेऊन लावलेली होती, म्हणजे खरं तर दोनदाच. हे फुशारकी म्हणून सांगत नाही. पुढे जे घडलं ते माझ्यासारख्या माणसाच्याच हातून घडू शकतं, एवढं कळावं म्हणून सांगतोय. ज्याला फ्रीजमधलं काही कळत नाही, तो निदान गप्प तरी बसला असता.

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या त्याला तीन वर्षं होतील. वय चौऱ्याहत्तर, चण बारीक, जीभ धारदार. एका फर्निचरच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं पॉलिशचं काम केलं. कामाला लागल्या तेव्हा त्यांना पॉलिशच्या खोलीत पाऊल टाकू देत नसत. बायकांनी बाहेर बसून लाकूड घासायचं, असा तिथल्या मिस्त्रींचा दंडक होता. म्हणून त्या अंगणातल्या अक्रोडाच्या झाडाखाली पॉलिशपेपर घेऊन बसायच्या. एका वर्षी झाडाखालच्या बादलीत अक्रोडाची हिरवी सालं पडून कुजली आणि पाणी काळंकुट्ट झालं. ते फेकायच्या आधी सासूबाईंनी त्यात फडकं बुडवलं आणि एका मोडक्या खुर्चीच्या पायाला फासून बघितलं. सुकल्यावर असा तपकिरी रंग चढला की मिस्त्रींच्या कपाटातल्या एकाही डब्यातून तसा निघत नव्हता. मालकांनी तो पाय बघितला. पुढच्या आठवड्यात सासूबाई पॉलिशच्या खोलीत होत्या, आणि वर्षभरात मिस्त्री त्यांना विचारून रंग कालवायला लागले. पुढे पुढे तर गिऱ्हाइकं यायची आणि "बाईंचा रंग द्या" म्हणायची.

हे मला बायकोने सांगितलं. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "झाडाने केलं सगळं. मी नुसतं फडकं बुडवलं."

दीड वर्षापूर्वी कारखाना विकला गेला. नव्या मालकाला गाड्या लावायला जागा हवी होती, त्याने झाड तोडायला काढलं. बातमी कळली तेव्हा सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि निघाल्या. मला वाटलं रडून परत येतील. आल्या त्या पिशवी घेऊन, हात मनगटापर्यंत काळे करून. तोडणाऱ्यांच्या पायांत येत येत त्यांनी खाली पडलेले अक्रोड वेचले होते आणि तिथेच बसून हिरवी सालं सोलली होती. एका कामगाराने आठवण म्हणून फळी देऊ केली, तर त्याला म्हणाल्या, "लाकूड काय, दुकानात मिळतं. मला जिवंत काहीतरी दे."

चौदा अक्रोड निघाले. ते त्यांनी बादलीभर पाण्यात सोडले. तीन तरंगले. "पोकळ आहेत," म्हणून ते बाजूला काढले. राहिले अकरा.

"आई, अक्रोडाचंच झाड हवं असेल तर नर्सरीतून रोप आणू की," मी म्हणालो. "दोन वर्षांचं, चांगलं कंबरेएवढं मिळतं."

"नर्सरीतलं रोप कुणाचं कोण. मला हिचं पोर हवंय."

"पण बी लावून अगदी आईसारखंच झाड येतं असं कुठंय?"

"तुमची बायको आहे का माझ्यासारखी?"

मी बायकोकडे बघितलं. या प्रश्नाला हो म्हटलं तरी पंचाईत आणि नाही म्हटलं तरी पंचाईत.

मग त्या गंभीरपणे म्हणाल्या, "हिचं एक तरी पोर जमिनीत उभं राहायला हवं. फार नाही, एक. जागा मी बघून ठेवलीय, मागे कपड्यांच्या दोरीच्या पलीकडे." त्या कधी काही मागत नाहीत. आमच्याकडे आल्यापासून त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट.

अक्रोडाला उगवायच्या आधी तीन-चार महिने ओलसर थंडी लागते. बाहेर मातीत पुरले असते तर उंदीर आणि खारी टपलेल्याच होत्या. म्हणून फ्रीज. आता घरात फ्रीजचा विषय निघाला आणि मी मागे राहिलो, असं व्हायचं नाही. मागच्या व्हरांड्यात माझा एक छोटा फ्रीज होता. भंगारातून उचललेला, नवा कॉम्प्रेसर टाकून मी त्याला उभा केला होता. तो मी सासूबाईंना देऊन टाकला. बिस्किटांच्या पत्र्याच्या चौकोनी डब्याला त्यांनी झाकणावर भोकं पाडली, ओलसर रेती भरली, तिच्यात अक्रोड पुरले आणि डबा आत ठेवला. मी थर्मोमीटर लावून चार अंशांवर थंडी बांधून दिली.

दर रविवारी सकाळी त्या डबा बाहेर काढायच्या. एकेक अक्रोड उकरायचा, पुसायचा, नाकाशी धरायचा. आणि परत आपापल्या जागी. हे त्यांनी एकाही रविवारी चुकवलं नाही, तापात असतानासुद्धा. मी बसून बघायचो. खरं सांगतो, माझ्या धंद्यात मी भले भले कारागीर बघितलेत, पण एवढ्या बारीक लक्षाने काम करणारं माणूस दुसरं बघितलं नाही. दुसऱ्या महिन्यात दोन अक्रोडांना वास आला. आमच्या नाकांना काहीच कळेना. त्यांनी ते फोडून दाखवले तर आत गर काळा आणि बुळबुळीत. राहिले नऊ. त्यांनी डब्यात तीन ओळी केल्या, एकेका ओळीत तीन.

"एवढी चौकशी माझ्या बाळंतपणात केली नव्हतीस," बायको म्हणाली.

"तू बोलत होतीस गं. ही मुकी आहेत."

तिसरा महिना संपत आला आणि मायलेकी दोन दिवसांसाठी मावशीकडे गेल्या. मी घरी एकटा. माझ्यासारख्या माणसाला रिकाम्या घरात एकटं ठेवू नये. माझ्याकडे नव्या बनावटीचा एक थर्मोस्टॅट आला होता, तो छोट्या फ्रीजला बसवून बघावा असं डोक्यात आलं. बसवला. कुठपर्यंत थंड करतो बघू, म्हणून शेवटच्या आकड्यावर ठेवला. तेवढ्यात एका बेकरीतून फोन आला की त्यांचं शीतकपाट बंद पडलंय, आणि मी हत्यारं उचलून पळालो. दुसऱ्या दिवशी दुपारी छोटा फ्रीज आठवला. उघडला तर डबा दगड झालेला. झाकण निघेना. उचकटून काढलं आणि रेतीवर बोट आपटलं तर टकटक वाजलं.

 संध्याकाळी दोघी परत यायच्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी रविवार.

पण मी काही हातपाय गाळून बसणारा माणूस नाही. बर्फ सोडवणं हे तर माझं रोजचं काम. परातीत कढत पाणी ओतलं, डबा तिच्यात ठेवला, आणि वरून हीट गनने गरम हवा मारली. कडेची रेती आधी सुटली, मग वरची. पंधरा मिनिटांत डबा मऊ. मधे एक मुठीएवढा गोळा कडक राहिला होता, पण तोवर गन तापून तिचा वास यायला लागला होता. म्हटलं, एवढा आपोआप सुटेल. थर्मोस्टॅट काढून जुना बसवला. डबा पुसून जागेवर ठेवला. एक थेंब सांडलेला दिसला नसता. कामावर मी इतका खूश होतो की संध्याकाळी दोघींना घ्यायला स्टँडवर गेलो.

रविवारी सासूबाईंनी डबा काढला. मी समोर वर्तमानपत्र घेऊन बसलो आणि त्याच्या कडेवरून बघत राहिलो. त्यांनी पहिला अक्रोड नाकाशी धरला आणि थांबल्या. दुसरा धरला. मग तिसरा, मग पुन्हा पहिला. नऊच्या नऊ झाल्यावर हात पुसत म्हणाल्या, "जावईबापू, आम्ही नसताना फ्रीज बंदबिंद पडला होता का?"

"छे हो आई. एकदम व्यवस्थित चालू होता."

हे खोटं नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. फ्रीज खरोखरच फार व्यवस्थित चालू होता.

"हं," त्या म्हणाल्या आणि डबा बंद केला.

थंडी ओसरली तशी लावणी आली. अक्रोडाचं मूळ आधी खाली धावतं, हातभर खोल, आणि मग वर कोंब येतो. कुंडी उथळ असली की मूळ वळतं आणि झाड जन्माचं अधू होतं. हे त्यांनी मला सांगितलं, आणि मी ड्रेनेजच्या जाड पाइपाचे नऊ तुकडे कापले, प्रत्येक अडीच फुटांचा. त्यांनी बघितले आणि म्हणाल्या, "आता उभे चिरा, आणि तारेने परत बांधा." का, ते आधी कळेना. मग कळलं: झाड जमिनीत लावायच्या दिवशी तार सोडली की पाइप शेंगेसारखा उघडेल आणि मुळाला धक्का लागणार नाही. सव्वीस वर्षं पाइप कापतोय, मला नसतं सुचलं. मी तसं बोलूनही दाखवलं. "बरं झालं, काहीतरी माझ्यासाठी उरलं," म्हणाल्या.

अक्रोड आडवा ठेवून, दोन पेरं खोल, असे नऊही लावले. नऊ पाइप व्हरांड्याच्या भिंतीला टेकून उभे राहिले. एक मात्र त्यांनी स्वतःच्या स्टुलाजवळ घेतला, जिथे सकाळचं ऊन आधी येतं. मी लक्ष दिलं नाही.

एक महिना गेला. मग पाचवा आठवडा, सहावा. सासूबाई रोज सकाळी स्टुलावर बसायच्या, नऊही पाइपांत बोट घालून ओल बघायच्या, पाणी द्यायच्या. मधूनच पाइपांना रागवायच्या, "उठा रे आळश्यांनो." आणि मी आत चहाचा कप धरून ते ऐकत असायचो. माझा जीव टांगणीला लागला होता. मी ते गोठवले, मीच मारले, आणि ही म्हातारी बाई रोज मेलेल्या बियांना पाणी घालतेय. बायकोला सांगायची हिंमत झाली नाही. ती माझी शाळा घेणार हे नक्की होतं, पण त्याची भीती नव्हती. ती आईला सांगेल आणि आईचा चेहरा मला बघावा लागेल, याची होती.

सातव्या आठवड्यात एका सकाळी मी कप ठेवला आणि व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

"आई, मी एक चूक केलीय."

त्या झारी घेऊन उभ्या होत्या. "बोला."

"तुम्ही मावशींकडे गेला होतात तेव्हा मी नवा थर्मोस्टॅट लावून बघितला. डबा गोठला. अगदी दगड झाला. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो."

"गोठला तर गोठला," सासूबाई म्हणाल्या. "कारखान्यात झाडाखाली दर हिवाळ्यात गोठायचे. आठ आठ दिवस वर बर्फाचा थर असायचा, आणि वसंतात कुठेकुठे उगवून यायचे. गोठल्यावर तुम्ही काय केलंत, ते सांगा."

 ही तर माझी जमेची बाजू होती. चूक कबूल केल्यावर लगेच, 'पण मी सोडवलं बरं का पंधरा मिनिटांत' असं सांगायचं मी ठरवून आलो होतो.

"गरम पाण्यात ठेवला," मी म्हणालो.

"किती गरम?"

"हात बुडवत नव्हता."

"आणि?"

"वरून हीट गन."

त्यांनी झारी खाली ठेवली. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. स्टुलावर बसून म्हणाल्या, "मला माहीत होतं. अक्रोडाची सालं उकळण्यात मी एकतीस वर्षं काढली, तापलेल्या कवचाचा वास मला कळणार नाही? त्या रविवारीच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही अजून काहीतरी दुरुस्त करायला गेला असतात."

 आतून बायको फिसकन हसली, म्हणजे ती सगळं ऐकत होती.

"शिवाय," सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही आपणहून सांगता का, तेही बघायचं होतं. लावल्यापासून मी दोन महिने धरले होते. सात आठवड्यांत बोललात. बरे आहात."

मी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसलो. म्हणालो, "आई, तुमचं झाड मी संपवलं."  तोडणाऱ्यांच्या पायांतून त्यांनी जे वाचवून आणलं होतं ते मी परातभर पाण्यात शिजवलं होतं.

"संपवलं की नाही ते अजून कळायचंय. मला सांगा, रेती सगळी सुटली होती?"

"मधला एक गोळा राहिला होता. मुठीएवढा."

त्या हसल्या. अगदी थोडं, पण हसल्या. "वाटलंच. आठांना वास होता. मधल्याला नव्हता, आणि त्याच्या भोवतालची रेती गारढोण होती." मग त्यांनी स्टुलाजवळच्या पाइपावर हात ठेवला. "तो हा."

मी त्या पाइपाकडे बघत राहिलो. म्हणजे सात आठवडे ही बाई रोज नऊ पाइपांना पाणी देत होती, आणि तिला ठाऊक होतं की आशा आहे ती एकाच ठिकाणी. "मग बाकीच्या आठांना पाणी कशाला घालत होतात?" मी विचारलं.

"माझं नाक म्हणजे काय देव आहे? चुकू शकतं." आणि झारी उचलून त्या पुढच्या पाइपाकडे वळल्या.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात गॅस भरताना माझ्या डोळ्यांसमोर तो पाइप. सकाळी तोंड धुवायच्या आधी मी व्हरांड्यात. सासूबाई मात्र होत्या तशाच. आठवा आठवडा गेला. नववा गेला. बायको हळूच म्हणाली, "आता नाही व्हायचं काही. आईला कसं समजवायचं?" मी म्हणालो, "त्यांना समजवायला त्यांच्यापेक्षा हुशार माणूस लागेल, तो आपल्याकडे नाही."

दहाव्या आठवड्यात, मंगळवारी, स्टुलाजवळच्या पाइपातली माती मधोमध तडकलेली दिसली. मी वाकलो. भेगेत काहीतरी होतं, तांबूस, जाडसर, मान खाली घालून वर यायला बघत होतं. मी बोट पुढे नेलं आणि घाईने मागे घेतलं.

"आई!" मी अशी हाक मारली की शेजारच्या बाई खिडकीतून डोकावल्या.

सासूबाई केस विंचरत होत्या, तशाच फणी हातात घेऊन आल्या. स्टुलावर बसल्या, वाकल्या, बघितलं.  मग मी त्यांच्या डोळ्यांत पाणी बघितलं, या घरात पहिल्यांदाच. झाड पडलं त्या दिवशी जे आलं नव्हतं ते आज आलं. फणी मांडीवर ठेवून त्या कोंबाला म्हणाल्या, "आलास का रे? ये."

बायको येऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मी दाराला टेकून उभा होतो. मला त्यांच्या पायांना हात लावावासा वाटत होता आणि पळून जावंसंही वाटत होतं.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि झारी माझ्यापुढे धरली.

"आजपासून याचं पाणी तुमच्याकडे."

मी मागे सरलो. "नको आई. माझ्या हाताने आठ गेलेत. मी याच्या जवळही जाणार नाही."

"म्हणून तर. याला फळ धरायला दहा वर्षं लागतील. तोवर मी असेन-नसेन. याला जपायला घाबरलेलं माणूस हवं, आणि या घरात तुमच्याएवढं घाबरलेलं कुणी नाही." झारी त्यांनी माझ्या हातात दिली. "घ्या. बोटाने ओल बघायची, लागलं तरच घालायचं."

मी झारी घेऊन नळाशी गेलो. नळ सोडला, धारेखाली हात धरला. पाणी गार होतं. झारी भरली, आणि तरी तिच्यात पुन्हा एकदा बोट बुडवून बघितलं.